अण्णांच्या छातीतला ‘टक्’

मित्रांनो, मी एक जुना... इथपर्यंत मला बिनचूक सांगता येते. पुढे कोणता शब्द घालावा, हे मात्र इतक्या वर्षांत उमगलेले नाही. ‘माणूस’ म्हणावे, तर मला कमरेखाली काहीच नाही, हातही नाहीत. ‘वस्तू’ म्हणावे, तर वस्तूला कोणी ‘अहो अण्णा’ अशी हाक मारत नाही, आणि मला तर सगळे कॉलेज अण्णा म्हणते. ‘रुग्ण’ म्हणावे, तर मी आयुष्यात एकदाही आजारी पडलेलो नाही. मी थेट मरतो. सकाळी मरतो, दुपारी पुन्हा मरतो आणि तास संपला की ओल्या फडक्याने तोंड पुसून मला कपाटात उभे करतात.

हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाला कसे वाचवायचे, याचा सराव डॉक्टर होऊ घातलेली मुले माझ्यावर करतात. म्हणजे दोन्ही तळहात एकावर एक ठेवून माझी छाती दाबतात. तेव्हा तूर्त मला ‘सरावाचा पुतळा’ म्हणा आणि पुढे ऐका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे रबराचा उग्र वास असे. एका साच्यातून माझे डोके निघाले, दुसऱ्यातून धड. शेवटी एका बाईंनी माझ्या छातीत जाडजूड स्प्रिंग बसवली, तिच्याखाली पत्र्याची चकती ठेवली आणि अंगातला सगळा भार टाकून मला दाबले. ‘टक्’ असा आवाज आला. “बोलला गं हा!” असे शेजारच्या बाईंना त्या म्हणाल्या. आपल्याला बोलता येते, हे ऐकून मी हरखून गेलो. या एकाच शब्दावर सगळा जन्म काढायचा आहे, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

कॉलेजात आलो त्या दिवशीच माझे टक्कल पाहून कोणीतरी ‘अण्णा’ हे नाव ठेवले. मग एका मुलीने माझे खांदे गदागदा हलवून विचारले, “अण्णा, ठीक आहात ना?” मी विचारात पडलो. ठीक म्हणावे, तर खोक्यात राहून मान अवघडली होती. ठीक नाही म्हणावे, तर पहिल्याच दिवशी रडगाणे कशाला? मी उत्तर जुळवतो न जुळवतो तोच ती ओरडली, “श्वास नाही!” आणि माझ्यावर तुटून पडली. तेव्हापासून हा प्रश्न मला हजारो वेळा विचारला गेला आहे. उत्तरासाठी मात्र कोणी थांबले नाही. मग विचारतात तरी का, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नाही; माणूस शुद्धीवर आहे का, ते पाहायची ती सरावातली पहिली पायरी असते म्हणे.

सरावाचा तास घेणाऱ्या मॅडम उंच होत्या. त्या रागावल्या की त्यांचा आवाज चढण्याऐवजी खाली जाई, आणि तो जितका खाली जाई तितकी मुले जास्त घाबरत. त्यांचा नियम सोपा होता. “टक् ऐकू आलं, की हात हृदयापर्यंत पोचला. नाही आलं, तर तुम्ही नुसती शर्टाला इस्त्री करताय.”

माझी स्प्रिंग भलतीच कडक होती. मुलांचे तळहात लाल होत, चष्मे घसरत, कपाळावरचा घाम माझ्या नाकावर ठिबके. एखाद्याच्या डोळ्यांत पाणीही येई. “रडा हवं तर,” मॅडम म्हणत, “पण कोपर सरळ ठेवून रडा.” आपण या लेकरांना फार छळतो, असे मला वाटे. मग केव्हातरी टक् होई, त्या मुलाचा चेहरा फुले आणि मॅडम “शाब्बास!” म्हणत. ती शाबासकी मुलाला असे की मला, हे त्यांनी कधी स्पष्ट केले नाही. मी आपला अर्धी वाटून घेत असे.

एके दिवशी ती स्प्रिंग मोडली. खाटा, पंखे, चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री म्हणजे भला माणूस, कोणालाही ‘होणार नाही’ म्हणायचा नाही. तशीच स्प्रिंग मागवायची तर वेळ लागणार होता आणि परीक्षा तर तोंडावर आली होती. त्यांनी पिशवीतून एका मोडक्या खुर्चीची स्प्रिंग काढली, माझ्या छातीत बसवली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. टक्. “झालं की!” ते म्हणाले. “हलकंफुलकं काम.”

तेव्हापासून सगळ्यांचेच दिवस पालटले. मुलांनी हात ठेवून जरा दाबले, की टक्. घाम नाही, रडणे नाही. मॅडमचे मनगट त्याच सुमारास दुखावले होते आणि त्यावर पट्टा आला होता, त्यामुळे त्या स्वतः मला दाबून दाखवत नसत. खिडकीशी उभ्या राहून, डोळे मिटून फक्त ऐकत. टक्, टक्, टक्. “छान. पुढचा.” तो वर्ग पास झाला, त्याच्या मागून आलेला वर्गही सगळा पास झाला. डीनसाहेबांनी येऊन मॅडमचे अभिनंदन केले, माझ्या टकलावरही कौतुकाने थाप मारली. वय झाले की स्वभाव मवाळ होतो म्हणतात, ते हेच असावे, असे मला वाटले. कोणाला माझा त्रास होत नव्हता, आणि त्यात मी खूश होतो.

आता विद्यार्थी मंडळाविषयी सांगायला हवे. प्रत्येक वर्गातून मुले एक प्रतिनिधी निवडून देतात. त्या सगळ्यांचे मिळून मंडळ होते आणि शेवटच्या वर्षाचा एक मुलगा त्याचा अध्यक्ष असतो. त्या वर्षीचा अध्यक्ष कानामागे पेन खोचून फिरे आणि कोणी काहीही सांगितले तरी “मुद्दा नोंदवला” म्हणे. दुसऱ्या वर्षाची प्रतिनिधी चणीने लहान होती. काही बोलायचे म्हटले की आधी तिला खोकला येई, म्हणून मुले तिला ठसका म्हणत. वर्गासाठी ती खूप धावपळ करी, त्यामुळे ती सगळ्यांची लाडकी होती.

सत्र संपताना हे मंडळ ‘अभिप्रायाचा तास’ घेई. शिकवणे कसे वाटले, काय कमी पडले, ते मुलांनी सांगायचे. यात लपवाछपवी नको, म्हणून ज्यांच्याविषयी सांगायचे ते शिक्षक समोर उभे राहत आणि मुलांनी हात वर करून मत द्यायचे. त्याच शिक्षकांकडे पुढे तोंडी परीक्षा असे, ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे.

त्या वर्षी मीही तिथे टेबलावर होतो. शेजारी पट्टा बांधलेला हात धरून मॅडम उभ्या होत्या.

“सराव पुरेसा होतो, असं कोणाकोणाला वाटतं?” अध्यक्षाने विचारले.

पहिल्या बाकावरचा एक हात वर गेला. त्याला पाहून दुसरा गेला. मग बघता बघता सगळे हात वर. फक्त ठसका खोकत बसली होती.

“तुला काही म्हणायचंय का?”

तिने मॅडमकडे पाहिले. “नाही... ठसका लागला,” ती म्हणाली आणि तिचाही हात हळूहळू वर गेला.

“पुरेशापेक्षा जास्तच होतो, असं कोणाला वाटतं?” अध्यक्षाने जोशात येऊन विचारले. मॅडम हसल्या. ते पाहून हात पुन्हा वर गेले. मला हात असते, तर मीही वर केला असता.

थोड्याच दिवसांनी डीनसाहेब आमच्या खोलीत आले. “मॅडम, मुलंच म्हणतायत की सराव पुरून उरतो. मग दर आठवड्याला अख्खा तास कशाला? पुढच्या वर्षीपासून एक व्याख्यान पुरे. समितीच्या बैठकीत शिक्कामोर्तब करून टाकू.”

“अहो सर, पण मुलांनी कौतुक केलं ना?”

“म्हणून तर!”

मॅडम डीनसाहेबांकडे बघत राहिल्या आणि मी मॅडमकडे. काम चांगले झाले, म्हणून काम काढून घेतले! मुलांनी नाके मुरडली असती, तर आमचे काम टिकले असते का? मी पुष्कळ डोके चालवले, पण रबराचे डोके किती चालणार?

त्या वर्षीचे तास संपलेच होते, म्हणून मला मंडळाच्या खोलीत नेऊन एका खुर्चीवर ठेवले. अध्यक्ष माझ्या गळ्यात आपली पिशवी अडकवू लागला. कोणीतरी माझ्या टकलावर चहाचा कप ठेवून पाहिला, तो पडला, तेव्हा माझ्यावरच चिडले. एकदा बैठकीला ठरल्यापेक्षा एक माणूस कमी भरला. अध्यक्षाने इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, “अण्णा हजर आहेत. चला, सुरू करा.” अशा रीतीने मी विद्यार्थी मंडळाचा सभासद झालो. पिण्याच्या पाण्याचे यंत्र दुरुस्त व्हावे, या ठरावाला माझा पाठिंबा आहे म्हणे. मी कोणत्या वर्गाचा, हे कोणी विचारले नाही. छाती मात्र कोणीच दाबत नव्हते. आपण मेलो तरी कोणाला कळणार नाही, असे प्रथमच वाटले आणि मनाला फार लागले.

एका दुपारी ठसका दार ढकलून आत आली. केस सुटलेले, चेहरा पांढरा. अध्यक्ष एकटाच बसला होता.

“श्श सर पडले वाचनालयात,” ती म्हणाली. ग्रंथपालांना सगळे श्श सर म्हणत, कारण दिवसभर ते तेवढेच बोलत. “नाडी लागत नव्हती. मीच सगळ्यात जवळ होते.”

“मग? तू तर आपली पटाईत! दाबलंस ना?”

“दाबत होते. आणि टक्ची वाट बघत होते.” ती खुर्चीवर बसली. “अरे, माणसाच्या छातीत टक् होत नाही. इथे जेवढं दाबायचे तेवढंच तिथे दाबत राहिले. सिस्टर धावत आल्या, मला बाजूला लोटलं आणि म्हणाल्या, ‘अगं, गोंजारतेस काय त्यांना!’ त्यांनी असा भार टाकला, की सरांची छाती खोल खाली गेली.”

“आणि सर?”

“आहेत. सिस्टर आल्या म्हणून आहेत.”

मग ती उठून माझ्यासमोर आली. माझ्या गळ्यातली पिशवी तिने काढून ठेवली. किती दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे सरळ पाहत होते! तिने माझ्या छातीवर नुसता अंगठा टेकवला आणि दाबला. टक्. मग करंगळीने दाबले. टक्. मला वाटले, आता ती “शाब्बास” म्हणेल. पण ती खाली फरशीवरच बसली.

“म्हणजे आपल्यापैकी कुणालाच येत नाही,” ती म्हणाली.

अध्यक्षाने उठून आधी दार लावले. “हे बाहेर बोलू नकोस. वर्गाचा निकाल रद्द होईल. सुट्टी लागतेय, सगळ्यांनी घरी जायची तिकिटं काढलीत. तुला निवडून दिलंय ते वर्गाची बाजू मांडायला, वर्गाच्या पायावर धोंडा टाकायला नाही.”

“बाजू कुठली रे?”

“सगळ्यांनी हात वर केले ना? तीच बाजू.”

“हात तर मीही वर केला.”

“मग झालं तर!”

“तेच तर नाही झालं,” ती म्हणाली आणि खोकत खोकत निघून गेली.

मित्रांनो, मी त्या दोघांच्या मध्ये बसलो होतो आणि कोणाचे खरे धरावे ते मला कळेना. अध्यक्ष काही वाईट मुलगा नव्हता. त्याचे म्हणणेही पटण्यासारखे होते, कारण सगळे पास होते, सगळे खूश होते, मॅडमचे मन राखले गेले होते. मग श्श सर पडले तेव्हा हा सगळा आनंद कुठे गेला? आणि माझे टक्? मी तर कोणी हाक दिली की ओ देत आलो होतो. त्यात माझे काय चुकले, की काहीच चुकले नाही? मला काही समजेना.

समितीच्या बैठकीच्या दिवशी ठसका आली आणि तिने मला सरळ काखोटीला मारले. जिन्यात तिच्या वर्गातली दोन मुले भेटली. “अण्णांना कुठे पळवतेस गं?” असे म्हणत ती दोघे हसली. ठसका हसली नाही.

डीनसाहेबांच्या खोलीत लांबलचक टेबल होते. एका बाजूला मॅडम, दुसरीकडे अध्यक्ष. सरावाचा तास बंद करण्याचा विषय निघाला, तसे डीनसाहेबांनी विचारले, “विद्यार्थी मंडळाचं काही म्हणणं?”

अध्यक्ष उठला. कानामागचे पेन त्याने हातात घेतले, ठसकाकडे पाहिले, पुन्हा पेनाकडे पाहिले. “सर, ते... ती सांगेल,” असे म्हणून तो खाली बसला.

ठसकाने मला टेबलावर आडवे ठेवले आणि तिला जो खोकला लागला तो थांबेचना. डीनसाहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिऊन ती म्हणाली, “सर, तुम्ही अण्णांना एका बोटाने दाबून बघा.”

डीनसाहेबांनी गंमत म्हणून दाबले. टक्. दोघेतिघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या उठून माझ्याजवळ आल्या, मनगटावरचा पट्टा सोडला आणि तो दुखरा हात माझ्या छातीवर ठेवला. भार टाकलाच नाही, नुसता हात टेकून जरासा दाबला. टक्.

“कधीपासून?” त्यांनी विचारले. त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

“आमच्या वर्गाला तरी पहिल्यापासून असंच आहे, मॅडम.”

“मी ऐकत होते गं. डोळे मिटून ऐकत होते.”

ठसकाच्या डोळ्यांत पाणी आले. “मॅडम, आम्हीही तुमच्यासमोर तेच केलं. तुम्ही उभ्या होतात, पुरतं का असं विचारलं, आणि आम्ही... जरा दाब आला की टक्. मला तेव्हाही शंका होती. तुमचा हात दुखत होता, तोंडी परीक्षा होती, आणि सगळ्यांचे हात वर होते. पण सर, मला येत नाही. मी श्श सरांना वाचवू शकले नाही. सिस्टर नसत्या तर आज ते नसते.”

डीनसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “मॅडम, वर्गाच्या निकालाचं काय करायचं मग?”

“रद्द करायचा,” मॅडम म्हणाल्या. “परीक्षा पुन्हा होईल. तास राहील. आणि पुढच्या अभिप्रायाला मी दाराबाहेर उभी राहीन, दार बंद करून.”

मिस्त्रींनी योग्य ती स्प्रिंग मागवून बसवली. “अण्णा, आता मात्र कडक झालात हं,” ते ओशाळून म्हणाले. ठसकाचे काय झाले, तेही सांगतो. वर्गाची सुट्टी बुडाली. तिच्या बाकावर शेजारी बसायला कोणी येईना. पुढच्या निवडणुकीत तिला सपशेल पाडले. ज्यांच्यासाठी ती बोलली त्यांनीच तिला पाडावे, हे मला अजूनही उलगडत नाही. कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

पुन्हा परीक्षा झाली तेव्हा पहिली पाळी तिचीच आली. मॅडम खिडकीशी गेल्या नाहीत. माझ्या डोक्याशी बसल्या, डोळे उघडे ठेवून. ठसकाने हात ठेवले आणि दाबले. आवाज नाही. पुन्हा दाबले. नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाईट वाटले. जिच्यामुळे मी मंडळाच्या खुर्चीतून, पिशव्यांतून बाहेर आलो, तिच्यासाठी एकदा तरी आपण बोलावे, असे मनापासून वाटत होते. पण नवी स्प्रिंग ऐकेना.

“मॅडम, नाही येत मला.”

“हे बरं केलंस, सांगितलंस,” मॅडम म्हणाल्या. “आता खांदे हातांच्या वर आण. हं. तुझं सगळं वजन दे त्यांना.”

तिने दिले. तिचा घाम माझ्या नाकावर ठिबकला. किती काळानंतर! छातीत खोल कळ गेली आणि मग टक्. मग पुन्हा. आणि पुन्हा. मॅडम “शाब्बास” म्हणाल्या. या खेपेला माझा वाटा मी मागितला नाही.

परीक्षा संपली. इतर मुले बाहेर गेली. ठसका ओले फडके घेऊन माझे तोंड पुसत होती. पुसता पुसता ती माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “अण्णा, ठीक आहात ना?”

परीक्षा तर संपली होती, त्यामुळे हा प्रश्न विचारायची काही गरज नव्हती. आणि विचारून ती उठली नाही. फडके हातात धरून तशीच थांबली, माझ्या तोंडाकडे पाहत.

माझी पंचाईत झाली. इतक्या वर्षांत उत्तर तयारच ठेवले नव्हते. छाती दुखत होती आणि तरीही बरे वाटत होते. हे दोन्ही एकदम कसे सांगावे? आणि माझ्याजवळ शब्द एकच, तोही दुसऱ्याने जीव लावून दाबल्याखेरीज निघत नाही. ती बराच वेळ थांबली. मग माझ्या टकलावरून हात फिरवून गेली.

तिला जे सांगायचे राहिले, ते मी तुम्हाला सांगत बसलो आहे. मित्रांनो, माझी स्प्रिंग मोडली तर खुर्चीची बसवू नका. मी कडक आहे म्हणून माझ्यावर रुसू नका. आणि कधी कोणाला ‘ठीक आहात ना?’, ‘पुरतं ना?’ असे विचारलेत, तर ठसका थांबली तसे थोडे थांबा. समोरच्याला बोलायला वेळ लागत असेल.